आषाढापर्यंतचा चारा

जामसांवली परिसरात आठ-दहा गुरं बाळगणाऱ्या शेतकऱ्याचा कस होळीनंतर लागतो. पोळ्याला सगळ्यांचीच जनावरं बरी दिसतात. श्रावणभर हिरवं खाऊन पाठ भरलेली असते, शिंगांना रंग असतो, अंगावर झूल असते. कोणाचा कोठा नीट चालतो आणि कोणाचा नाही, हे त्या दिवशी ओळखू येत नाही. ते एप्रिलच्या शेवटी ओळखू येतं. धडधाकट गायीच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या उन्हाळ्यात दिसतात, त्याचं काही नाही. पण पाच-सहा बरगड्या मोजता येऊ लागल्या, खुब्याची हाडं वर आली आणि गाभण गाय बसल्यावर उठायला शेपटीला हात लावावा लागला, तर त्या कोठ्याचं गणित मागच्या दिवाळीतच चुकलेलं असतं.

सुधारणा म्हटलं की चर्चा सहसा जातीवर जाते: जर्सी आणावी की होल्स्टीन, गीर की साहीवाल. या भागात मात्र खरा प्रश्न चाऱ्याच्या वेळेचा आहे. जात बदलून तो सुटत नाही, उलट वाढतो.

सातपुड्याच्या पायथ्याची गाय

सौंसरजवळचं जामसांवली बाहेरच्यांना माहीत आहे ते निद्रिस्त हनुमानाच्या मंदिरामुळे. तालुका सौंसर, २०२३ पर्यंत जिल्हा छिंदवाडा, त्या वर्षी पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, घरातली आणि बाजारातली मराठी, तीही नागपुरी वळणाची. छिंदवाड्याकडून येताना सिल्लेवानीचा घाट उतरला की पठार संपतं आणि कापूस, संत्रा, तूर, सोयाबीन यांचा सखल मुलूख लागतो. वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन साठवलेल्यावर जगते, आणि गुरंही.

या पट्ट्याची स्वतःची गाय आहे: गवळाऊ. वर्धा जिल्ह्यातले आर्वी, आष्टी, कारंजा हे तालुके, नागपूरचा काही भाग आणि सातपुड्याच्या पायथ्याचा सौंसरकडचा मुलूख हे तिचं माहेर. रंग पांढरा, बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक. डोकं लांबट आणि अरुंद, डोळे बदामी, शिंगं आखूड. अंगाने हलकी, पायाने झपाझप चालणारी. जोशी आणि फिलिप्स यांनी १९५३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी भारत-पाकिस्तानातल्या गोवंशावर ग्रंथ लिहिला. डोंगराळ मुलखात लष्कराचं सामान झपाट्याने हलवण्यासाठी मराठ्यांनी ही जात घडवली, अशी परंपरा त्यात नोंदली आहे. वर्ध्याकडच्या नंद गवळी समाजाने ती कुरणांवर सांभाळली. मोहखेडजवळच्या देवगडावर गोंड राजा जाटबाच्या आधी गवळी राजे होते, अशी दंतकथा छिंदवाड्याकडे सांगतात. ती दंतकथा खरी असो वा नसो, या डोंगरांत गुरांचं राज्य जुनं आहे.

गवळाऊ गाय एका वेतात साधारण सहाशे किलो दूध देते, म्हणजे दिवसाला दोन लिटरच्या आसपास. दुधाच्या बाजारात हा आकडा लाजिरवाणा वाटतो. पण ती ४५ अंशांच्या उन्हात तीन-चार कोस चालून कुसळी गवतावर उभी राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा विते. दिवसाला दहा लिटर देणाऱ्या संकरित गायीला सावली, पाणी, ढेप आणि हिरवा चारा वर्षभर लागतो. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे त्याने ती जरूर पाळावी. बाकीच्यांच्या कोठ्यात ती पहिला उन्हाळा कर्जावर काढते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात विकली जाते.

आधी खाणारी तोंडं मोजा

एक नमुन्याचा कोठा घेऊ: चार गायी, दोन बैल, दोन कालवडी, दोन वासरं. लहान-मोठं जमेस धरून ही साडेसात मोठी जनावरं झाली. तीनशे किलोचं जनावर रोज सुमारे सात किलो सुकं वजन खातं. म्हणजे कोठ्याला रोज बावन्न-त्रेपन्न किलो. फेब्रुवारीच्या मध्यावर रानातलं खाण्याजोगं संपतं. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दीडशे दिवस धरले, तर जवळपास आठ टन चारा होतो. यातला तिसरा हिस्सा पऱ्हाटीच्या रानातून, बांधावरून, बाभळीच्या शेंगांतून निघाला, तरी पाच टनांहून जास्त साठा हाताशी हवा.

हाच हिशेब उलटा केला की जास्त बोलका होतो. एक मोठं भाकड जनावर कमी असेल, तर त्या दीडशे दिवसांत एक टन चारा वाचतो. तो टन दुसऱ्या दोन गायींच्या पोटात गेला तर त्या वेळेवर माजावर येतात. लहान कोठ्यात दुसऱ्या कोणत्याही एका उपायाने एवढा फरक पडत नाही.

पण डोकी कमी करणं बोलण्याइतकं सोपं नाही. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. पूर्वी गवळाऊचा खरा पैसा गोऱ्ह्यात होता. चांगली जोडी बैलबाजारात गायीच्या दोन-तीन वेतांचं दूध एकदम मिळवून द्यायची. ट्रॅक्टर आला, जोडीचं गिऱ्हाईक आटलं आणि म्हातारं जनावर विकायची वाटही बंद झाली. या धोरणाबद्दल मतं काहीही असोत, त्याचा भार चारा घालणाऱ्यावर पडतो, आणि तो भार उचलायला मिळणारी मदत तोकडी आहे. सौंसरच्या शेतकऱ्याच्या हातात उरतं ते एवढंच: नको असलेला जन्मच टाळणं. निकृष्ट गोऱ्हे वेळेत खच्ची करून घेणं, लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरणं (त्यातून दहापैकी नऊ कालवडी होतात) आणि बैलजोडी एक असेल तर दोन शेजाऱ्यांनी मिळून वापरणं.

गवताचं वर्ष

मध्य आणि दक्षिण भारताच्या पठारावरचं मूळ गवत शेडा आणि मारवेल या गटाचं आहे, असं देशभरच्या गवताळ रानांच्या पाहणीत दिसून आलं होतं. सौंसरच्या मुरमाड उतारांवर शेडा, पवन्या, डोंगरी. काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत मारवेल आणि कुंदा. ही बारमाही गवतं आहेत. वरचा भाग उन्हाळ्यात वाळतो, पण बुंध्यात आणि मुळांत शिदोरी राहते. मृगाचा पाऊस पडला की त्या शिदोरीतूनच पहिली पाती फुटतात.

कोठ्यांची सर्वांत मोठी हानी नेमकी इथे होते. उन्हाळाभर उपाशी राहिलेली गुरं पहिली हिरवळ दिसताच रानात सोडली जातात. त्या बोटभर पात्यांत पाणीच जास्त असतं. गुरं दिवसभर हिरव्यामागे धावतात, खातात त्याहून जास्त चालतात आणि हगवण लागून परततात. इकडे गवताचा ठोंब शिदोरी संपवून पुन्हा खुरटलेला राहतो. दोन-चार वर्षं असं झालं की शेडा आणि पवन्या मागे हटतात आणि कुसळ पसरतं. कुसळही कोवळं असताना जनावर खातं. बी धरल्यावर मात्र त्याचे काटे तोंडात आणि कातडीत रुततात. त्यापुढची पायरी तरोट्याची. तरोट्याची कोवळी भाजी माणसं पहिल्या पावसात आवडीने खातात, गाय त्याला तोंड लावत नाही; म्हणून तो वाढतच जातो. शेवटी गाजरगवत आणि रायमुनिया. रायमुनियाचा पाला भुकेलं जनावर, विशेषतः बाहेरगावाहून आणलेलं, खातं आणि काविळीने आजारी पडतं. पांढऱ्या कातडीवर ऊन सोसेनासं होतं.

म्हणून चाऱ्याचा साठा आषाढाच्या मध्यापर्यंत पुरला पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर पहिले चार-पाच आठवडे गुरं बांधून घालता आली, तर गवत गुडघ्याशी येतं आणि मग चराई सोसतं. मृगाला गंजी संपली म्हणजे वर्ष निभावलं, असं बहुतेक ठिकाणी मानतात. पण तिथूनचा महिना सर्वांत महागाचा आहे.

दोन-तीन एकर पडीत स्वतःच्या मालकीचं असेल, तर त्याचे तीन तुकडे करावेत. एक तुकडा यंदा बी पडेपर्यंत, म्हणजे कार्तिकापर्यंत, पूर्ण बंद. उरलेल्या दोन तुकड्यांत आलटून पालटून चराई. पुढच्या वर्षी बंद तुकडा बदलायचा. तिसऱ्या वर्षी प्रत्येक तुकड्याला एकदा बी पाडायची संधी मिळालेली असते. बंद तुकड्याभोवती पूर्वी बोराटीच्या फांद्या लावत. आता रानडुकरांसाठी घेतलेलं सौरऊर्जेचं झटका मशीन अनेकांकडे असतं. तेच दोन तारांवर गुरांनाही पुरतं. त्यातला झटका क्षणभराचा आणि जीव न घेणारा असतो. घरची वीज थेट तारेत सोडणं हा वेगळा प्रकार आहे: तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात.

उजाड तुकड्यात पहिल्या पावसाबरोबर स्टायलो या द्विदल चाऱ्याचं बी फेकता येतं. त्याचं टरफल कठीण. काही मिनिटं गरम पाण्यातून काढल्यास उगवण सुधारते. मुरमाड जमिनीतही ते तग धरतं आणि गवताला नसलेली प्रथिनं देतं.

गावच्या चराईचं काय, हा प्रश्न उरतो. मध्य प्रदेशात त्या जमिनीला चरनोई म्हणतात, आणि १९५९ च्या भू-राजस्व संहितेनुसार निस्तारपत्रकात गावाचे चराईचे हक्क लिहिलेले असतात. गावातल्या एकूण शेतजमिनीच्या किमान दोन टक्के जमीन चराईसाठी राखावी, असंही ती संहिता सांगते. दोन टक्के म्हणजे शंभर एकरांच्या मागे दोन एकर! एवढ्यावर गावची गुरं जगत नाहीत. ती जगतात जंगलावर. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराई हा सामूहिक हक्क म्हणून नोंदवता येतो. ढोरकी सकाळी आखरावर गुरं जमवतो आणि सगळी एकत्र हाकतो. त्यात एकट्याने आपल्या गायीपुरतं रान बंद ठेवणं शक्य नसतं. ग्रामसभेने डोंगराचा एक कोपरा पोळ्यापर्यंत राखायचं ठरवलं आणि ढोरक्याला त्याबद्दल दोन पैसे जास्त दिले, तरच ते होतं. कुंपणापेक्षा हा खर्च कमी आहे.

गंजी, कुटार, मुरघास

गवत फुलोऱ्यात कापलं तर त्यात सात-आठ टक्के प्रथिनं असतात; बी झडून पिवळं पडल्यावर तीन-चार टक्के. सात टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातल्या जिवाणूंचीच उपासमार होते, चारा पचायला वेळ लागतो आणि जनावर गव्हाणीपुढे उभं राहूनही कमी खातं. भरल्या गंजीशेजारी हाडं दिसणारी गाय असते, त्याचं कारण हे. कापणीची योग्य वेळ हस्ताच्या पुढेमागे येते आणि नेमक्या तेव्हाच सोयाबीन काढणी, पहिला कापूस आणि मजुरांची ओढाताण असते. गवत मागे पडतं, मार्गशीर्षात कापलं जातं. निदान एका एकराचं गवत दसऱ्याच्या आत कापून, दोन दिवस उलटसुलट वाळवून, हिरवट रंग असतानाच रचावं. ती गंजी वेगळी ठेवावी आणि गाभण गायींना मे महिन्यात घालावी.

ज्वारीचा पेरा घटला तसा कडबाही घटला. त्याची जागा तुरीच्या, हरभऱ्याच्या आणि सोयाबीनच्या कुटाराने घेतली. कुटार चांगलं, पण मळणीच्या दिवशी झाकलं नाही तर वाऱ्यावर जातं किंवा अवकाळी पावसात कुजतं. बुरशी आलेलं कुटार घालू नये. गव्हांडा किंवा वाळलेला निकृष्ट चारा असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, थर दाबावेत आणि प्लास्टिकखाली तीन आठवडे हवाबंद ठेवावेत. उघडल्यावर उग्र वास उडू द्यावा, मग घालावं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला नाही. युरिया पाण्यात कालवून थेट पाजला किंवा नीट मिसळला नाही तर जनावर तासाभरात दगावतं. मोजमापात अंदाजपंचे चालत नाही.

छिंदवाडा पट्ट्यात मका भरपूर. कणसात दूध भरून दाणा घट्ट होऊ लागला की संपूर्ण ताट कापून बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे, पिशवीत किंवा खड्ड्यात पायाने तुडवून हवा काढायची आणि दीड महिना उघडायचं नाही, हा मुरघास. दोन दुभत्या गायींना उन्हाळ्यात रोज आठ-दहा किलो मिळाला तर ढेपेचा खर्च निम्म्यावर येतो. ज्वारी हिरवी घालायची असेल तर एक खबरदारी: पाऊस ताणल्याने खुरटलेल्या कोवळ्या ताटात विष धरतं. ही विषबाधा म्हणजे किराळ; ती लागलेलं जनावर डॉक्टर येईपर्यंत राहत नाही. फुलोऱ्यानंतर ते भय जातं.

पाणी, मीठ आणि चामडं चघळणारी गाय

तीनशे किलोच्या गायीला हिवाळ्यात तीस-चाळीस लिटर आणि मे महिन्यात साठ लिटरच्या आसपास पाणी लागतं. तेही दिवसातून एकदाच नदीवर नेऊन भागत नाही. कोठ्याजवळ सावलीत हाळ असेल आणि आठवड्याला चुना लावून धुतला जात असेल, तर चारा न वाढवताही खाणं वाढतं.

उन्हाळ्यात एखादी गाय जुनी चप्पल, हाड किंवा चिंधी चघळत उभी दिसते. लोक म्हणतात खोड आहे. ती फॉस्फरसची भूक असते. वाळलेल्या गवतात फॉस्फरस फार थोडा राहतो. गाय तो शोधत फिरते आणि सडक्या हाडातून विषबाधा ओढवून घेते. रोज तीस ते पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर नाही, मूठभर मीठ, एवढा त्यावर उपाय आहे. वर्षाचा त्याचा खर्च डॉक्टरच्या एका फेरीपेक्षा फारसा जास्त नसतो, तरी कोठ्यांत सर्वांत कमी दिसणारी वस्तू तीच.

वळू, चीक, वासरू

गाय सुमारे नऊ महिने नऊ दिवस गाभण राहते. दसरा ते नाताळ या काळात फळलेली गाय जुलै ते सप्टेंबरमध्ये विते, हिरव्या चाऱ्यावर दूध देते आणि वासरू पावसाळ्याअखेर सावरतं. जुलैमध्ये फळलेली गाय एप्रिलमध्ये, सर्वांत वाईट वेळी विते. कळपात वळू बाराही महिने मोकळा असेल तर यातलं काहीच हातात राहत नाही. कृत्रिम रेतन करायचं तर माज ओळखावा लागतो. गवळाऊचा माज मुका आणि बहुधा रात्रीचा. सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी भरवावी.

गावचा वळू असेल तर तीन वर्षांत बदलावा, नाहीतर तो स्वतःच्या लेकींवर जातो. शेजारच्या गावाशी अदलाबदल हा बिनखर्चाचा मार्ग.

वासरांचे बहुतेक मृत्यू पहिल्या महिन्यातले. जार पडेपर्यंत वासराला पिऊ द्यायचं नाही, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. वासरू रोगप्रतिकारशक्ती घेऊन जन्मत नाही. ती चिकातून येते, आणि आतड्याची ती शोषण्याची क्षमता तासागणिक कमी होत चोवीस तासांत संपते. वीस किलोच्या वासराला दोन लिटर चीक, त्यातला पहिला वाटा तासाभरात. खरवस उरलेल्या चिकाचा करावा. नाळ आयोडीनमध्ये बुडवावी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जंताचं औषध द्यावं. वासराच्या वाट्याचं दूध काढून विकणारा शेतकरी तीन वर्षांनी कालवड अजून का माजावर येत नाही म्हणून विचारतो.

टोचणी पावसाआधी

घटसर्प आणि फऱ्या, ज्याला इकडे एकटांग्या म्हणतात, यांची लस मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात टोचावी लागते. पाऊस पडल्यावर टोचून उपयोग मर्यादित, कारण प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. खुरकूत वर्षातून दोनदा. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती लस मोफत आहे. त्याच कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची एकच लस मिळते. लम्पी २०१९ मध्ये ओडिशातून सुरू होऊन २०२२ मध्ये देशभर पसरली. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली गेली. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधणं हे लसीइतकंच मोलाचं. डॉक्टरांसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

गोचिडांचं औषध बहुतेक जण फक्त जनावरावर मारतात. मादी रक्त पिऊन गळून पडते आणि कोठ्याच्या भिंतीच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते. भेगा लिंपून चुना मारला आणि तीन आठवड्यांनी फवारणी पुन्हा केली, तरच साखळी तुटते.

शेणाचा हिशेब

दुधाच्या पैशाने हा कोठा चालत नाही. चार गायींपैकी एका वेळी दोन दुभत्या; घरचं ठेवून दोन-अडीच लिटर विकायला. गोऱ्ह्याचा बाजार मंदावला. उरतं शेण, आणि संत्र्याच्या मुलखात त्याला किंमत आहे. मोठ्या संत्र्याच्या झाडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत अशी साधारण शिफारस. एकरात एकशेदहाच्या आसपास झाडं, म्हणजे साडेपाच टन. दहा गुरं रोज ऐंशी किलोच्या आसपास शेण टाकतात. त्यातलं निम्मं रानात जातं, उरलेलं कुजून निम्मं होतं, तरी वर्षाला सात टन खत हाती येतं. एक एकर बाग त्यावर निघते आणि एखादी ट्रॉली विकायला उरते.

अट एवढीच की उकिरडा उघड्यावर नसावा. कोठ्याच्या जमिनीवर रात्री वाया गेलेलं कुटार पसरलं तर ते मूत्र शोषतं. नत्र आणि पालाशचा मोठा भाग मूत्रातच असतो आणि फरशीवरून तो मोरीत वाहून जातो. सकाळी ते कुटार शेणासह खड्ड्यात, वर मातीचा पातळ थर. खड्डा झाडाच्या सावलीत, पावसाचं पाणी आत येणार नाही अशा उंचीवर. एक भरत असताना दुसरा कुजत राहील असे दोन. अक्षय तृतीयेच्या सुमारास उपसलेलं खत मृगाआधी बागेत पडतं.